मॉड केलेला माइक आणि ड्रमच्या डोक्यावरची जागा

मंडळी, आज जरा तांत्रिक लिहिणार आहे. ज्यांना सर्किट, कॅप्सूल वगैरे शब्दांची अ‍ॅलर्जी आहे त्यांनी मधे मधे खुशाल उड्या माराव्यात. पण शेवटाकडे आपल्या सदाशिव पेठेतल्या वाड्याचा विषय येणार आहे, तेव्हा समस्त नातेवाइकांनी एवढ्यात खिडकी बंद करू नये ही विनंती :)

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना भांडायचंय त्यांना शेवटपर्यंत थांबायला नको. मॉड केलेले, म्हणजे कुणीतरी उघडून आतले भाग बदललेले कंडेन्सर माइक ही वाईट गोष्ट अजिबात नाही. पण ड्रमच्या ओव्हरहेडसाठी असा माइक निवडताना 'यात काय काय चांगलं घातलंय?' हा प्रश्न चुकीचा आहे. 'मूळच्या माइकमध्ये दोष कोणता होता, आणि तो गेला का?' हा खरा प्रश्न. याचं सरळ उत्तर मिळत नसेल तर पैसे खिशात ठेवावेत.

आता ओव्हरहेड म्हणजे काय ते थोडक्यात. ड्रमसेटचं रेकॉर्डिंग करताना प्रत्येक ढोलाजवळ एकेक माइक लावतात, आणि वादकाच्या डोक्याच्या वर, थोडे पुढेमागे, दोन माइक टांगतात. ते ओव्हरहेड. पुष्कळांना वाटतं की ते फक्त सिंबलसाठी, म्हणजे त्या धातूच्या थाळ्यांसाठी असतात. तसं नाही. पूर्ण ड्रमसेटचं एकत्र चित्र त्या दोन माइकमध्ये उमटतं. जवळचे माइक म्हणजे पासपोर्ट फोटो आणि ओव्हरहेड म्हणजे लग्नातला ग्रुप फोटो असं समजा. ग्रुप फोटोत सगळ्यांचे चेहरे नीट यायला हवेत, कडेला उभ्या असलेल्या मामांचेसुद्धा. हे कडेचे मामा लक्षात ठेवा, त्यांच्याकडे परत यायचंय.

या जागेसाठी कंडेन्सर माइक वापरण्याची पद्धत आहे, कारण त्याचा पडदा अतिशय हलका असतो. काही मायक्रॉन जाडीचा प्लास्टिकचा पापुद्रा, त्यावर सोन्याचा सूक्ष्म थर, आणि त्याच्या मागे केसाएवढ्या अंतरावर धातूची चकती. आवाजाने पडदा हलला की दोघांमधली विद्युतधारिता बदलते, आणि तो बदल एक छोटं सर्किट उचलून बाहेर पाठवतं. सर्किट म्हटलं की वीज आली. आज जगभर यासाठी ४८ व्होल्ट वापरतात. हा आकडा कुठून आला त्याची गोष्ट मोठी गमतीची आहे. १९६६ साली नॉयमन या जर्मन कंपनीने केएम ८४ हा पेन्सिलसारखा बारका माइक नॉर्वेच्या रेडिओसाठी तयार केला. तिकडे हिवाळ्यात दिवसाउजेडाची बोंब, त्यामुळे त्यांच्या स्टुडिओत आपत्कालीन दिव्यांसाठी ४८ व्होल्टचा पुरवठा आधीपासून होताच. मग माइकही त्यावरच चालू दे म्हणाले. नॉर्वेतल्या अंधारामुळे ठरलेला आकडा आज आपल्या पुण्यातल्या टू बीएचकेमधल्या स्टुडिओत बटणावर छापलेला असतो!

आता मॉडकडे वळू. नॉयमनच्या चांगल्या पेन्सिल माइकची जोडी घ्यायची तर लाखाच्या बरंच वर जावं लागतं. दुसरीकडे, गेल्या पंचवीसेक वर्षांत चीनमध्ये तयार झालेले माइक काही हजारांत मिळू लागले. त्यांचं धातूकाम बरं असतं, दिसायलाही झकास. मग हुशार लोकांच्या डोक्यात आलं की अंग स्वस्तातलं घ्यावं आणि आतडी बदलावीत. इथून मॉडचा धंदा उभा राहिला. कुणी कॅप्सूल बदलतं, कुणी कपॅसिटर, कुणी एफईटी नावाचा ट्रान्झिस्टर, तर कुणी जाळीचा आतला थर काढून टाकतं. आणि सगळे म्हणतात, "आता हा दहापट महागाच्या माइकसारखा वाजतो."

वाजतो का? कधी कधी खरंच वाजतो. आणि का वाजतो हे समजून घेण्यासारखं आहे.

१९६० च्या नॉयमन यू ६७ या प्रसिद्ध मोठ्या माइकमध्ये के ६७ नावाची कॅप्सूल होती. ही कॅप्सूल वरच्या पट्टीतले आवाज मुद्दाम उंच करून देते. मग पुढचं सर्किट ते तेवढेच खाली आणतं. द्राविडी प्राणायाम वाटेल, पण खाली आणताना सर्किटची स्वतःची खरखरही त्यासोबत खाली येते, म्हणून हा खटाटोप. पुढे अनेक स्वस्त माइकांनी या कॅप्सूलची नक्कल उचलली, पण तिच्यासोबतचं खाली आणणारं सर्किट उचललं नाही. त्यांनी पुढे जोडलं ते सरळसोट सर्किट, जे आलेलं जसंच्या तसं पुढे पाठवतं. म्हणजे आमटीत दुप्पट तिखट घालायचं आणि नारळाचं दूध घालायला विसरायचं. अशा माइकवर गाणारा माणूस पाच मिनिटं 'वा, काय स्पष्ट आवाज आहे' म्हणतो. सिंबलखाली मात्र तो माइक उघडा पडतो. ढोल-ताशा पथकात झांजवाल्याच्या शेजारी अर्धा तास उभं राहिलेल्याला मी काय म्हणतोय ते कळेल.

अशा माइकचं मॉड करणारा जर सांगत असेल की 'मी ते खाली आणणारं सर्किट परत बसवलं' किंवा 'मूळची कॅप्सूल काढून कमी टोचणारी बसवली', तर त्याने दोष ओळखला आणि दूर केला. हे प्रामाणिक काम झालं, त्याचे पैसे जरूर द्यावेत. पण जर तो नुसताच 'उंची कपॅसिटर घातलेत' म्हणत असेल, तर जरा थांबा. स्वस्त सिरॅमिक कपॅसिटरऐवजी फिल्मचा कपॅसिटर घालणं तत्त्वतः बरोबरच आहे. काही सिरॅमिक कपॅसिटर व्होल्टेजप्रमाणे आपली किंमत बदलतात आणि त्यातून थोडी विकृती येते, हे खरं आहे. पण तिखट आमटीत तुम्ही चांगल्या प्रतीची कोथिंबीर घातलीत म्हणून तिखट कमी होत नाही. टोचणाऱ्या कॅप्सूलपुढे कितीही महाग कपॅसिटर लावा, तो ते टोचणं इमानेइतबारे पुढे पाठवेल.

आता ते कडेचे मामा. गाणारा माणूस माइकच्या बरोबर समोर उभा असतो. ओव्हरहेडच्या बरोबर समोर काय असतं? फार फार तर एखादा सिंबल किंवा स्नेअर. बाकी हाय-हॅट एका बाजूने, फ्लोअर टॉम दुसऱ्या बाजूने, क्रॅश तिरका, आणि छताकडून परत आलेला आवाज थेट पाठीमागून. म्हणजे ओव्हरहेडमध्ये पोचणारं बहुतेक सगळं तिरकंच येतं. स्वस्त माइक समोरून बरा ऐकतो आणि तिरक्या आवाजाचा रंगच बदलून टाकतो. त्यामुळे एकच सिंबल डावीकडच्या माइकमध्ये खणखणीत आणि उजवीकडच्यात पत्र्यासारखा येतो.

आणि इथेच माझ्या मताचा गाभा आहे. सर्किटला दिशा कळत नाही. आवाज समोरून आला की बाजूने, हे कॅप्सूलच्या पुढे कुणालाच ठाऊक नसतं. तेव्हा नुसतं सर्किट बदलून तिरक्या आवाजाचा दोष कधीही जाणार नाही. तो कॅप्सूलची घडण, तिचा आकार आणि भोवतालची जाळी यांच्यावर ठरतो. म्हणून मॉड केलेल्या माइकचं कौतुक एखाद्या गायकाच्या आवाजावर ऐकून ओव्हरहेडसाठी निर्णय घेणं म्हणजे वधूचा फक्त समोरून काढलेला फोटो पाहून लग्न ठरवण्यासारखं आहे. (हे वाक्य सौ. ने वाचलंय. तिचं म्हणणं, वराचाही.)

याच कारणाने या जागेसाठी मी पेन्सिल माइकला झुकतं माप देतो. छोट्या कॅप्सूलचं तिरकं ऐकणं साधारणपणे अधिक समान असतं. मॉड करणाऱ्यांचा आवडता पेन्सिल माइक म्हणजे रशियातला ओक्तावा एमके-०१२. हा तुला शहरात बनतो (तुला म्हणजे गावाचं नाव, मला-तुला मधलं नव्हे). टॉलस्टॉयचं यास्नाया पोल्याना ज्या गावाजवळ आहे तेच हे. तोफा-बंदुका आणि समोवार यांच्यासाठी प्रसिद्ध असलेल्या गावात माइकही बनावेत हे मला उगाचच आवडतं. या माइकची कॅप्सूल फिरकीने काढता येते, त्यामुळे एकाच अंगावर वेगवेगळ्या कॅप्सूल लावता येतात, आणि दहा डेसिबलने आवाज कमी करणारा तुकडाही मधे बसवता येतो. असा माइक मॉडसाठी घेणं शहाणपणाचं, कारण तिथे मूळ घडणच चांगली आहे आणि काम उरतं ते नीटनेटकेपणाचं. मूळ दगड चांगला असला की मूर्तिकाराचं काम सोपं होतं.

आणखी दोन गोष्टी भराभर सांगतो.

पहिली गोष्ट, खरखर. मॉडवाले फार अभिमानाने सांगतात की आमच्या माइकची स्वतःची खरखर अमुक डेसिबलवरून तमुकवर आली. पुस्तकवाचन किंवा तंबोरा रेकॉर्ड करायचा असेल तर हे सोन्यासारखं आहे. ड्रमसाठी? अहो, खाली माणूस काठ्यांनी पत्रे बडवतोय. तिथे शंभराच्या वरच्या डेसिबलपुढे पाच आणि सोळा डेसिबलच्या खरखरीतला फरक कुणाला ऐकू येणार? ड्रमला हवी ती उलटी बाजू, म्हणजे माइकने मोठ्यात मोठा आवाज न फाटता सोसायला हवा. आणि ते पुष्कळसं एफईटीच्या बायसवर ठरतं. एकाच नंबरचे दोन एफईटी कधी सारखे नसतात, म्हणून प्रत्येक माइकमध्ये बायस वेगवेगळा, ऑसिलोस्कोपवर पाहून लावावा लागतो. मॉड करणाऱ्याला एवढंच विचारा, "बायस कसा लावलात?" उत्तर देताना तो खुलला तर माणूस खरा. 'तसं काही लागत नाही' म्हणाला तर नमस्कार करून निघा.

दुसरी गोष्ट, जोडी. ओव्हरहेड दोन असतात आणि ते जुळे हवेत. कारखान्यातून आलेली जुळी जोडी मॉडनंतर जुळी राहिलीच असं नाही. दोन्ही माइक एकाच वेळी, एकाच हाताने, सारखे भाग घालून झालेत का, आणि नंतर एकमेकांशी ताडून पाहिलेत का, हे विचारायलाच हवं. एक माइक दुसऱ्यापेक्षा वरच्या पट्टीत दोन डेसिबलने चढा असला तर पूर्ण ड्रमसेट एका बाजूला कलंडल्यासारखा वाटतो.

आणि हो, आपल्याकडच्या पावसाळ्याचं एक वेगळंच प्रकरण. कॅप्सूलजवळचा रोधक साधारण एक गिगा-ओहम, म्हणजे शंभर कोटी ओहमचा असतो. तिथे बोटाचा ठसा किंवा सोल्डरिंगचा चिकट फ्लक्स राहिला तर दमट हवेत त्यावरून वीज पाझरते आणि माइक तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा तडतडतो. कोरड्या हवेच्या देशात वर्षभर गुणी बाळासारखा वागलेला मॉडवाला माइक पुण्या-मुंबईच्या जुलैमध्ये रंग दाखवू शकतो. हातकाम केलेला माइक घेतलात तर तो आतून स्वच्छ आहे याची खात्री करा, आणि सिलिका जेलच्या पुड्या घालून बंद डब्यात ठेवा.

आता हे सगळं आज लिहायचं कारण. आमचा पुतण्या ड्रम वाजवतो, हे नातेवाइकांना (आणि त्याच्या शेजाऱ्यांना) माहीत आहेच. त्याच्या बँडला चार गाणी रेकॉर्ड करायची आहेत. नोकरीचा पहिला बोनस हातात आलाय आणि स्वारीने मॉड केलेल्या माइकची एक जोडी हेरून ठेवलीय. परदेशातून मागवायची, कर भरायचा, बोनस जवळजवळ सगळा संपणार. रेकॉर्डिंग कुठे करणार तर त्याच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये, रविवारी दुपारी, सोसायटीचे सेक्रेटरी गावाला गेले की.

मी त्याला म्हटलं, "अरे, तुझं छत साडेनऊ फुटांवर. माइक सात फुटांवर लावणार, सिंबल चार फुटांवर. सिंबलचा आवाज माइकपर्यंत तीन फूट येतो, आणि तोच आवाज छताला आपटून आठ फुटांचा प्रवास करून परत माइकमध्ये येतो. पाच फुटांचा फरक, म्हणजे साधारण साडेचार मिलिसेकंद. मूळ आवाज आणि त्याची ही सावली एकमेकांत मिसळली की काही पट्ट्या खाल्ल्या जातात आणि काही फुगतात. माइक कितीही चांगला कर, तो हे बिघडलेलंच अधिक स्पष्ट ऐकवेल."

"काका, पण मग छत कुठून आणू?" तो म्हणाला.

छत आहे. वाड्यात आहे. वरच्या माडीचं कौलारू छप्पर मधोमध चौदा फुटांवर जातं. तिथे तोच हिशोब केला तर परतीचा आवाज सुमारे बारा मिलिसेकंदांनी आणि बराच क्षीण होऊन येतो. उतरतं छप्पर, उघड्या तुळया, लाकडी खांब, एका भिंतीत फडताळं, एकही पृष्ठभाग दुसऱ्याशी नीट समांतर नाही. आवाज मोडून, विखरून, मऊ होऊन परत यावा म्हणून स्टुडिओवाले पैसे मोजून जे बांधून घेतात, ते आपल्या पूर्वजांनी नकळत बांधून ठेवलंय. भाडेकरू गेलेत, तेव्हा खाली कुणी झाडूने छत ठोकणारंही नाही.

पण दिवाळीनंतर वाडा पाडायला घेणार आहेत. हे सगळ्यांच्या सहीने ठरलंय, त्याबद्दल तक्रार नाही. गळती, वाळवी, पाण्याचे हाल मी पाहिलेत, वाड्याच्या नावाने उसासे टाकणाऱ्यांतला मी नाही. पण हिशोब सरळ आहे. मॉड केलेले माइक पुढच्या वर्षीही मिळतील, बहुधा आणखी चांगले. ती माडी पुढच्या वर्षी मिळणार नाही. त्या खोलीत आवाज कसा घुमायचा, आजोबांच्या पूजेची घंटा, पाळण्याच्या कड्या, लग्नघरातला कलकलाट, यातलं काहीही कुणी रेकॉर्ड करून ठेवलेलं नाही. निदान या चार गाण्यांच्या मागे ती खोली ऐकू येऊ दे.

कुणी म्हणेल, काका भावुक झाले. मग एक जगप्रसिद्ध उदाहरण घ्या. लेड झेपलिन या बँडच्या १९७१ च्या चौथ्या अल्बममधलं शेवटचं गाणं, 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स'. त्यातला ड्रमचा आवाज आजही लोक कान देऊन ऐकतात. तो इंग्लंडमधल्या हेडली ग्रेंज नावाच्या एका जुन्या इमारतीच्या प्रवेशदालनात, उंच जिन्याच्या तळाशी ड्रम मांडून, वरच्या मजल्यावरून जिन्याच्या पोकळीत टांगलेल्या दोन माइकवर रेकॉर्ड झाला. ते माइक कंडेन्सरही नव्हते, बायरडायनॅमिकचे रिबन माइक होते. पुढे कॉम्प्रेसर आणि एको वापरले हे खरं, आणि वादक जॉन बोनम होता हे तर सगळ्यात खरं. पण तो जिना नसता तर तो आवाज झाला नसता.

तर पुतण्याला माझा सल्ला असा. मित्राकडे जे साधे, न उघडलेले पेन्सिल माइक आहेत ते दोन दिवस उसने आण. दोन्ही माइक स्नेअरच्या मधोमध पासून दोरीने मोजून समान अंतरावर लाव. दोन अंतरांत दहा सेंटिमीटरचा फरक पडला तरी दोन्ही बाजू एकत्र केल्यावर १७०० हर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो, आणि स्नेअरचा जीव पुष्कळसा त्याच पट्ट्यात असतो. दोरी फुकट मिळते. एक माइक जिन्याच्या तोंडाशीही ठेवून बघ. आणि बोनस बँकेत टाक.

आणि पुढे कधी मॉडवाली जोडी घ्यायची वेळ आलीच, तर आधी अशी परीक्षा घे. मॉड केलेला आणि न केलेला, दोन्ही शेजारी शेजारी लाव. किल्ल्यांचा जुडगा आधी समोर आणि मग बाजूने खुळखुळव. क्रॅशवर एकच ठोका मारून आवाज पूर्ण विरेपर्यंत थांब, कारण खोट सुरुवातीच्या दणक्यात लपते आणि शेपटीत सापडते. दोन्ही रेकॉर्डिंगचे आवाज नीट सारखे कर, कारण किंचित मोठा असलेला आवाज आपल्याला उगाचच चांगला वाटतो. मग कोणतं कुठलं ते न सांगता घरातल्या अशा माणसाला ऐकव ज्याला माइकची किंमत माहीत नाही. आमच्या आईवर मी हा प्रयोग करतो. तिला सांगायचं एवढंच, "कशाने कान कमी दुखतात?" तिचं उत्तर मी कुठल्याही आलेखाइतकंच गंभीरपणे घेतो.

मॉड करणाऱ्यांबद्दल माझ्या मनात आदर आहे, हे पुन्हा सांगतो. सीलबंद वस्तू उघडून, समजून घेऊन, हाताने सुधारणारी माणसं कमी होत चाललीत. मिरजेचा तंबोरा करणारा कारागीर जवारी काढताना घोडीवर हळूच कानस फिरवतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा फिरवतो. काय घालवायचं आहे ते त्याच्या कानाला पक्कं ठाऊक असतं. चांगलं मॉड तसंच असतं. ज्या मॉडमागे असा कान आहे त्याला पैसे द्यावेत, ज्याच्यामागे फक्त भागांची यादी आहे त्याला देऊ नयेत.

असो. ब्लॉगकर मंडळींपैकी कुणी मॉड केलेली जोडी ड्रमवर टांगली असेल तर तिरक्या आवाजाबद्दलचा अनुभव खाली जरूर लिहा, खास करून पावसाळ्यातला. आणि नातेवाइकांनो, वाड्याच्या किल्ल्या सध्या कुणाकडे आहेत ते कळवा. दिवाळीला फार दिवस उरलेले नाहीत.